बोटं आपली आपण सुटली

रविवार, संध्याकाळ. लातूर.

नांदेडला सकाळी मोटोक्रॉसमध्ये, मातीतल्या मोटरसायकल रेसमध्ये, दुसरा आलो. हार घातला, फोटो काढले. तरी मन कशातच लागून नाही राहिलं.

गौतम माझा शाळेपासूनचा दोस्त. माझी रेसची गाडी तोच तयार करतो. पूर्वी रेस संपली की माझे हात असे आखडायचे की हँडलवरची बोटं सुटायची नाहीत. गौतम शिव्या देत, हसत एकेक बोट सोडवायचा. मग सगळे रायडर मिळून ढाब्यावर मटण खायचो.

आता सगळेच पहाटे पळतात, जिम करतात, उकडलेली अंडी खाऊन लवकर झोपतात. नुसती हिंमत असलेला शेवटच्या फेऱ्यांत गळून जातो. वर्षभर मीही तेच केलं. चुकलं का माझं? नसतं केलं तर आज मागंच राहिलो असतो.

आज गौतम नेहमीसारखा धावत आला. त्यानं हात पुढं केला, तोवर माझी बोटं सुटली होती. हेल्मेटचा पट्टासुद्धा मीच काढून राहिलो होतो. तो जागीच थांबला.

"लई तयार झालास की," म्हणाला आणि उगाच चेन बघत बसला. बाकीचे रायडर आपापल्या गाड्या टेम्पोत भरून निघून गेले.

घरी आल्यावर त्याला फोन लावला. म्हटलं, "चल, जेवायला जाऊ."

"न्हाई रे, तुझं पथ्य मोडंल. लवकर झोपायचं असंल तुला. झोप."

बाहेर अजून उजेड होता. मी म्हणालो, "हाव, झोपतो."