शिपायाच्या कोटाची बाही

चिरंजीव बटण यास,

अनेक आशीर्वाद. यातले निम्मे आत्ता घे आणि उरलेले निम्मे तुझ्या कंपनीनं दिलेली तारीख पाळली तर, असं लिहिणार होतो. पण तुझी आई शेजारीच काजं करत बसली आहे आणि आशीर्वादाला अटी घालायच्या नसतात असं तिचं म्हणणं पडलं. तेव्हा सगळे घे. तुझी तब्येत कशी आहे? (हे रीत म्हणून विचारत नाही. मागच्या रविवारी फोनवर तू दिसलास तेव्हा मी तुझे खांदे पाहिले. उजवा पाऊण इंच खाली आलाय. दिवसभर तो माउस धरून बसल्यावर दुसरं काय होणार? तोंड तुझी आई बघते, खांदे मी बघतो, अशी आमची वाटणी आहे.) आम्ही दोघं ठीक. आईचा गुडघा दुखतो, पण तो रोज ठरलेल्या वेळी दुखतो, तारखा बदलत नाही, म्हणून त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर मी तारखेचा विषय काढला की तुला मीटिंग लागते. पत्राला मीटिंग लागत नाही. शेवटपर्यंत वाच. ताजा कलमही वाच, तो उगीच लिहिलेला नसतो.

तर, तारीख. तीन वर्षांपूर्वी तू त्या संगणकाच्या खेळांच्या कंपनीत लागलास आणि तुला कपड्यांच्या खात्यात बसवलं, म्हणजे खेळातल्या माणसांना कोट-टोप्या चढवायच्या, तेव्हा मला आनंद झाला होता. म्हटलं, पोरगं कात्री सोडून गेलं तरी कापड काही सोडलं नाही. तू जाताना दारात काय म्हणाला होतास, आठवतं? ‘बाबा, हा खेळ बाहेर पडला की महिनाभर घरी.’ आम्ही भोळे. आईनं त्या पहिल्या तारखेच्या पंधरा दिवस आधीच तुझी गादी उन्हात घातली, उशीला नवा अभ्रा शिवला. तारखेच्या आठ दिवस आधी कळलं, खेळ पुढे गेला. दुसऱ्या तारखेला गादी पुन्हा उन्हात. तिसऱ्या तारखेला शेजारणींनी विचारलं की तुमच्याकडे ढेकूण झालेत का. चौथ्या वेळी आईनं गादीला हात लावला नाही, पण अभ्रा बदलला, मी पाहिलं. आता पाचवी. पाचव्यांदा पुढे ढकलल्याचं तुझं पत्र आलं आणि त्यात तू सरळ लिहिलंस की आता पुढचं वर्ष उजाडेल. अरे, ही काय थट्टा आहे?

आणि खेळ तरी कसला? चष्मेवाल्यानं मला गोष्ट सांगितली. एक शिपाई वीस वर्षं लढाईत होता, लढाई संपली, तो पायी घरी निघालाय. पहिल्या भागात तो नदीवरच्या पुलापर्यंत आला आणि खेळ संपला. दुसऱ्या भागात तो घरी पोचणार, म्हणून लोक आठ वर्षं ताटकळत बसलेत. म्हणजे बघ, एका खोट्या शिपायाला त्याच्या खोट्या आईकडे पोचवण्यासाठी तीनशे खऱ्या माणसांना घरी जाऊ देत नाहीत. हे मी तुझ्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, त्या शिपायाच्या आईला तरी कुठे माहीत आहे तो पुलाशी अडकलाय ते. मग तिनं सुईत दोरा ओवायला घेतला आणि बराच वेळ तो ओवला जाईना.

चष्मेवाला तुला माहीत आहे, आपल्या दुकानाच्या भिंतीला लागून बसतो तो. त्याचं वय पंचावन्न, आणि तुमच्या खेळासाठी इतका वेडा की खेळ येईल तो आठवडा त्यानं दुकान बंद ठेवायचं ठरवलंय. दारावर पाटी लावली: ‘अमुक तारखेपासून आठ दिवस बंद.’ तारीख बदलली की जुन्या तारखेवर नवा कागद डकवतो. आता त्या पाटीवर पाच कागदांचा थर आहे आणि गिऱ्हाइकं लांबूनच बंद समजून परत जातात. (गिऱ्हाइकांचा दोष नाही. त्यांना चष्मा नसतो म्हणून तर ती येतात.) ट्रेलर म्हणजे काय ते त्यानंच मला समजावून सांगितलं. खेळ तयार नसतो, पण लोकांचा धीर सुटू नये म्हणून त्यातला दोन मिनिटांचा तुकडा दाखवतात. मी खो खो हसलो. अरे, हे मी चाळीस वर्षं करतोय! गिऱ्हाईक तगाद्याला आलं की आपण कापलेली एक बाही उचलून दाखवतो आणि म्हणतो, ‘झालाच की तुमचा कोट.’ गिऱ्हाईक बाहीकडे पाहून सुखावतं आणि परत जातं. उरलेला कोट तेव्हा अजून कापडाच्या ठाणातच असतो.

आता तू म्हणशील, मग बाबा, तुम्ही कुठल्या तोंडानं बोलता? तुम्ही शिंपी. बोलतो! शिंपी म्हणूनच बोलतो. तारीख चुकवण्यातही एक सभ्यपणा असतो. मी ‘मंगळवारी देतो’ म्हणतो. मंगळवारी मी आजवर कुणाला काही दिलेलं नाही हे खरं, पण ते गिऱ्हाइकालाही ठाऊक असतं. ते गुरुवारीच येतं आणि शनिवारी घेऊन जातं. आमचा दोघांचा हिशेब बसलेला असतो. शिवाय मी समोर उभा राहून शिव्या खातो. तुमची कंपनी काय करते? ‘आपण दाखवलेल्या संयमाबद्दल आम्ही ऋणी आहोत’ अशी चार ओळींची पाटी लावते आणि पळून जाते. संयम दाखवला कुणी? आम्ही? मी तर चष्मेवाल्याच्या दुकानात मोठ्यानं ओरडत होतो, आणि तो एका बाईंचे डोळे तपासत होता, त्या घाबरून तक्त्याची सगळ्यात खालची ओळ धडाधड वाचून मोकळ्या झाल्या.

दुसरी गोष्ट, जी फोनवर मी बोलत नाही. तू गेलास त्याच्या आदल्या दिवशी मी तुझा कोट कापला होता. राखाडी, तुला आवडतो तो. कच्च्या टाक्यानं उभा केला, डावी बाही टाचली, उजवी तशीच ठेवली, कारण उजवी अंगावर घालून बघितल्याशिवाय मी बसवत नाही. ट्रायलला तू येणार होतास. तो कोट तीन वर्षं पुतळ्यावर आहे, एका बाहीचा. दुकानात पुतळा एकच, त्यामुळे बाकीच्या गिऱ्हाइकांचे कोट खिळ्यांना लटकतात आणि त्यांच्या पाठीला पोक येतं. पांढरा दोरा पिवळा पडलाय. दर महिन्याला मी त्याच्यावरची धूळ झटकतो. लोक विचारतात, कुणाचा हो? मी म्हणतो, एक गिऱ्हाईक आहे, मोठं माणूस, वेळ नसतो त्याला. असं म्हणताना मला बरं वाटत नाही, हे तुला कळावं.

आता मूळ मुद्दा. तू पत्रात लिहिलंस की या वेळी खेळ वेळेवर निघालाच असता, बॅगसुद्धा भरली होती, पण एका मूर्खानं घात केला. जिथं वाट बघणारे लोक जमून आपापसात लिहीत बसतात, त्या पानावर ‘जुनी कात्री’ नावाच्या कुणा उपटसुंभानं लिहिलं की ट्रेलरमध्ये शिपाई पुलावर हात वर करतो तेव्हा त्याचा अख्खा कोट कानापर्यंत वर येतो, कारण मुंढा, म्हणजे बाही जिथं अंगाला जोडतात ती गोलाई, चार बोटं जास्त खोल कापलाय; असला कोट घालून वीस वर्षं लढाई तर सोडच, माणसाला फळीवरचा डबाही काढता येणार नाही. शिवाय बटणं बायकांच्या बाजूला आहेत. शिवाय वीस वर्षं वापरलेल्या कोटाची कोपरं चकाकत कशी नाहीत? झालं. अकरा हजार लोकांनी त्याची री ओढली, कोट कानावर ओढून फोटो काढले, साहेबांची झोप उडाली, आणि आता तुमच्या खात्याला खेळातले चारशेच्या चारशे कोट उसवून पुन्हा करायला बसवलंय.

मी ते वाचून संतापानं लाल झालो. कोण हा कात्रीवाला? याला दुसरे उद्योग नाहीत? स्वतःच्या दुकानात बसावं, काज-बटण करावं, लोकांच्या मुंढ्यात तोंड कशाला घालावं? (मुंढ्याबद्दल तो बोलला ते खरं आहे, हे कबूल करायला हवं. कापणारा कुणीही असो, मुंढा खोल गेला की हात उचलता येत नाही. हे मी तुला तू सातवीत असताना शिकवलं होतं आणि तू तेव्हाही खिडकीबाहेर बघत होतास. कोपरांचं निरीक्षणही बारीक आहे. असं निरीक्षण ट्रेलर एकदा बघून होत नाही, चष्मेवाल्याकडची तपासायची जाड भिंगं डोळ्यांना लावून सात-आठ वेळा बघावं लागतं. पण तो मुद्दा वेगळा.) अशा माणसाला समोर उभं करून विचारलं पाहिजे की बाबा रे, तुझ्या एका शहाणपणापायी कुणाचं पोरगं घरी यायचं राहिलं, याची तुला काही कल्पना आहे का?

तर असा सगळा संताप आहे. तुझ्या साहेबांना तो जसाच्या तसा कळव. नीट जेव, आणि खुर्चीत सरळ बस.

तुझे,
बाबा

ता. क. कल्पना आहे. तो मीच. ‘जुनी कात्री’ हे नाव चष्मेवाल्यानं सुचवलं आणि टाइपही त्यानंच केलं, मी फक्त बोलत होतो. मला वाटलं, चार लोक ओरडले की कंपनी घाबरून खेळ लवकर बाहेर काढेल. गिऱ्हाईक ओरडलं की मी तसंच करतो, दोन टाके कमी घालून देऊन टाकतो. तुमची कंपनी उसवून पुन्हा शिवेल हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात. मी चाळीस वर्षांची कात्री पाडून घेतली. चष्मेवाला आता माझ्याशी बोलत नाही. पाटीवर पाचवा कागद डकवताना त्यानं माझ्याकडे पाहिलं, तेवढंच. तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही.

ता. क. दुसरा. आईला माहीत होतं. हे पत्र ती खांद्यावरून वाचत होती. म्हणाली, बटणं बायकांच्या बाजूला आहेत हे तुम्हाला मीच दाखवलं होतं, ते मात्र आपलं म्हणून लिहिलंत. अभ्रा पुन्हा बदलायला गेली आहे.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं तर याच्यासाठी. कालच तुझ्या कंपनीचा निरोप ‘जुनी कात्री’च्या नावानं आला. फार अदबीचा आहे. ‘महोदय, आमच्या पोशाख विभागाला बाही बसवण्याबाबत मार्गदर्शन कराल का?’ तुझ्या साहेबांनी स्वतः लिहिलंय. मी उत्तर दिलं (चष्मेवाल्यानं टाइप केलं, बोलला नाही, पण केलं) की बाही पत्रानं शिकवता येत नाही, फोननं तर नाहीच. ती जिवंत अंगावर बसवून दाखवावी लागते. तेव्हा खात्यातला एक माणूस इकडे पाठवा. महिना लागेल. माझ्याकडे एक अर्धवट कोट तीन वर्षं याच कामासाठी उभा आहे, त्यावरच शिकवीन. मंगळवारी काम सुरू करू असं कळवलंय, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी दिलेला मंगळवार पाळणार आहे. साहेब विचारतील, कोण जातो? तेव्हा हात वर कर. तयार कपड्यांच्या दुकानातला कोट घातला असशील तर तो कानापर्यंत येईल, येऊ दे, म्हणजे त्यांना गरज पटेल.

आणि हात वर करायला लाजलास तरी हरकत नाही. कोट ज्याच्या अंगाला बसेल असाच माणूस पाठवा म्हणून मी खाली माप लिहून दिलंय: छाती अडतीस, खांदा साडेसतरा, उजवा खांदा पाऊण इंच खाली.