उरलेला श्वास

३ तारीख, सोमवार

नवं गाव, नवं काम, नवी खोली! डायरी तेवढी जुनी. रंगाच्या दुकानात पत्ता विचारायला शिरलो तर मालकाने गेल्या वर्षीची डायरी हातात कोंबली, म्हणून छापलेले वार खोडून मी माझे लिहितोय. ताई म्हणते माझ्या पायाला भिंगरी आहे आणि डोक्यालाही. ताई म्हणजे थोरली बहीण. बसने अर्ध्या दिवसावर राहते. मी कुठेही बिऱ्हाड थाटलं की येते, खोली बघते, नाक मुरडते आणि जाताना अंथरूण नीट घालून जाते. ही खोली बघून मात्र गप्प बसेल.

वरचा मजला, उतरतं छप्पर (पलंगावरून उठताना डोकं आपटतं, दोनदा आपटून झालं), खिडकीबाहेर शेजाऱ्यांचा पत्रा आणि पत्र्यावर ऐटीत पसरलेलं एक कानतुटकं मांजर. घरमालकिणीने पहिल्याच मिनिटाला बजावलं, मला मावशी म्हणायचं, मॅडमबिडम म्हणालास तर चहा मिळणार नाही. गोल चेहरा, हात कायम ओले, म्हातारी म्हणावी तर जिना माझ्यापेक्षा पटपट चढते.

खोलीत एक काचेचं दार आहे, शेजारच्या खोलीत उघडणारं. त्याला कुलूप, आणि पलीकडून पडदा. मावशी म्हणाली, तिकडे आमचे हे असतात, अंथरुणाला खिळलेत, दम लागतो त्यांना, तेवढं एक दार सोडून सगळं घर तुझंच समज. मी म्हटलं, मला दार कशाला हवंय मावशी, मला खिडकी पुरे.

उद्यापासून काम. लोकांचं घरसामान या घरातून त्या घरात न्यायचं. ज्याला स्वतःचं घर नाही तो दुसऱ्यांची हलवणार. ताईला सांगितलं तर दिवसभर हसेल.

७ तारीख, शुक्रवार

अंग मोडून काम आहे पण मजा येते. माझ्या जोडीदाराला सगळे पैलवान म्हणतात. आहे काडीसारखा, पण फ्रीज पाठीवर घेऊन गाणं म्हणत जिना चढतो. त्याने पहिला धडा दिला : जिन्यावर खालचा माणूस वजन घेतो आणि वरचा माणूस तोंड घेतो. म्हणजे वरचा नुसता ओरडत राहतो, डावीकडे घे, उचल, थांब. मी खालचा. पैलवान म्हणे, तुझं लग्न झालं की तुला या जागेची सवय असलेली बरी.

लोकांच्या घरात काय काय सापडतं. कपाटाखाली एका माणसाचा हरवलेला चष्मा निघाला तर तो लहान मुलासारखा नाचला. काय लिहायला बसलो होतो ते विसरलो. असो. झोप येतेय.

१२ तारीख, बुधवार

तिरकं बसून लिहितोय. सरळ बसता येत नाही.

काल तीन दारांचं कपाट उतरवत होतो. मालकाने शपथेवर सांगितलं होतं की दारं बंद केलीत. जिन्याच्या वळणावर आरशाचं दार फाडकन उघडलं, पैलवान वरून ओरडला, आणि कपाटाचा कोपरा माझ्या डाव्या बरगड्यांत बसला. मध्ये खिशातला फोन होता, त्याचा चुरा. डोळ्यांपुढे काजवे वगैरे लोक म्हणतात ना, ते खरं असतं, आणि ते हिरवे असतात.

दवाखान्यातली डॉक्टरीण माझ्याच वयाची असेल. फोटो काढून म्हणाली, हाड शाबूत आहे, नुसता मुका मार. मी म्हटलं, मुका कसला, चांगला बोंबलतोय. ती हसली. मीही हसलो, आणि ब्रह्मांड आठवलं.

तिने सांगितलं ते असं. गोळ्या वेळेवर घ्यायच्या. बर्फ फडक्यात गुंडाळून लावायचा. उशा रचून बसल्यासारखं झोपायचं. खोकला आला तर उशी छातीशी घट्ट धरून खोकायचं. आणि दुखलं तरी जागेपणी मधूनमधून छाती भरून मोठे श्वास घ्यायचेच. दुखतं म्हणून माणूस वरवर अर्धा श्वास घेतो, मग छातीच्या तळाला हवा पोचत नाही, कफ साठतो आणि दुखणं वेगळ्याच वाटेला लागतं. पूर्वी पट्टा बांधायचे, म्हणाली, तू अजिबात बांधू नकोस.

१४ तारीख, शुक्रवार

बरगड्या किती कामाच्या असतात हे आता कळतंय. कूस बदलायला त्या लागतात. चप्पल घालायला त्या लागतात. शिंक येणार असं वाटलं की मी नाक दाबून, डोळे मिटून, सगळ्यांची क्षमा मागून घेतो.

पैलवान भेटायला आला आणि तासभर विनोद सांगत बसला. उशी पोटाशी धरून मी त्याला हात जोडले, बाबा रे, रडव हवं तर, हसवू नकोस. तर म्हणाला, बरं, मग माझ्या सासऱ्याची गोष्ट सांगतो, आणि ती आणखी हसण्यासारखी निघाली. खाली पोचल्यावर त्याने कपाटाचं दार आपण तपासायला हवं होतं असं मावशीला दोनदा सांगितलं म्हणे. चांगला आहे.

मोठे श्वास मात्र होत नाहीत. अर्ध्यावर आलं की आत कुणी सुरी फिरवावी तसं होतं. तिथेच थांबतो. अर्ध्या श्वासावरही माणूस जगतोच की.

१५ तारीख, शनिवार

मावशीने पट्टा बांधला.

मी डॉक्टरणीचं सांगितलं. मावशी म्हणाली, त्या पोरीच्या जन्माआधीपासून मी माणसांच्या छात्या बांधतेय, ती काय मला शिकवते. रुंद सुती पट्टा, धुऊन धुऊन मऊ झालेला. तिने मला श्वास सोडायला लावला, सगळा सोड म्हणाली, आणि मी रिकामा झालो तसे भराभर वेढे घातले. शेवटची गाठ मारली आणि दुखणं गेलं. कमी झालं असं लिहीत नाहीये. गेलं. दिवा मालवावा तसं.

दुपारभर झोपलो. उठलो तर पलीकडून श्वासाचा आवाज येत होता, लांब, सावकाश. मावशी खुशीत होती. आज ह्यांना बरं वाटतंय, म्हणाली.

१७ तारीख, सोमवार

एक गंमत लिहून ठेवतो. गंमत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही.

दुपारी पडल्या पडल्या काचेच्या दाराकडे बघत होतो. काचेवर वाफेचा गोल उमटला. बशीएवढा, खाली, पलंगाच्या उंचीवर, जिथे निजलेल्या माणसाचं तोंड येईल तिथे. विरला. पुन्हा उमटला. मी हळूच उठून पुसायला गेलो तर बोट कोरडं. वाफ पलीकडून होती. म्हातारा दाराला तोंड लावून निजला असेल, म्हटलं.

मग लक्षात आलं की मी श्वास अर्ध्यावर थांबवला की गोल उमटतो. दर वेळी. मी मुद्दाम उशीर केला. तोही थांबला.

मी माझ्या बाजूने काचेवर तोंडाने हाऽ केला. काच स्वच्छ राहिली. पुन्हा केला. चहावर फुंकर मारली, साय हलली नाही.

दुखत मात्र काहीच नाही.

१८ तारीख, मंगळवार

गोल आज वर होता. बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर.

पैलवान आला. आज मीच त्याला घ्यायला खाली गेलो होतो आणि जिना चढून वर येईपर्यंत दोनदा बसलो. तो म्हणाला, ओठ का निळे दिसतायत तुझे? मी म्हटलं, हळू बोल, शेजारी मावशींचे यजमान असतात. तो हसला नाही. हा माणूस कधी हसत नाही असं होतच नाही.

म्हणाला, अरे, मी या घरात पूर्वी कामासाठी येऊन गेलोय. ते वारले तेव्हाच बाईंनी आम्हाला त्यांचा पलंग न्यायला बोलावलं होतं. दोन वर्षं तरी झाली. आम्ही पलंग सोडवायला घेतला तर बाईंनी एकदम नको म्हटलं, सामान बांधायच्या पट्ट्यांसकट परत पाठवलं. म्हणाल्या, राहू दे, अजून चादर गरम आहे.

मी त्याला ताईचा नंबर दिला. तिला सांग, उद्या नाहीतर परवा ये आणि मला घेऊन जा. तो आत्ताच चल म्हणत होता. पण जिना उतरणं मला होईना. खरंच होईना.

१९ तारीख, बुधवार

मावशीला विचारलं. तिने काही लपवलं नाही, याचंच भय वाटलं. पदराला हात पुसत पलंगाच्या कडेला बसली आणि भाजी निवडताना बोलावं तसं सांगितलं. तू तरी कुठे पुरता घेतोस रे श्वास. अर्धा घेतोस आणि सोडून देतोस. उरलेला वाया जाणार, त्यापेक्षा ह्यांना. आणि तुझं दुखणं घेते की मी, फुकट कुठे मागतेय?

मी म्हटलं, मावशी, मी मरेन. ती म्हणाली, छे रे, काहीतरीच. ह्यांना फक्त माझ्याशी बोलायचंय. जाताना दम पुरला नाही, शब्द अर्धाच राहिला. तेवढा ऐकू दे मला.

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तिची दया आली. ती खाली गेल्यावर मी पट्टा सोडला.

दुखणं सगळं एकदम आलं, जितके दिवस गेलं होतं तितक्या दिवसांचं. ओरडलो असेन. उशी छातीशी धरली आणि डॉक्टरणीने सांगितल्यासारखा श्वास घेतला. सुरी. आणखी थोडा. सुरी. तळापर्यंत.

पलीकडे कुणीतरी खोकलं. गुदमरल्यासारखं. काचेवरचा गोल लहान झाला.

म्हणजे हे दुखणं माझं आहे. दुखतंय तोवर मी घेतोय. आता कळलं. दुखू दे.

२० तारीख

अजून धरून आहे. पण श्वास मोजके. प्रत्येक श्वासाला धीर गोळा करावा लागतो, बाजारात उधारी मागायला जावं तसा. पलीकडे खोकला. मावशी दाराशी बसून रडतेय, माझ्याशी नाही, त्यांच्याशी बोलतेय, थोडं थांबा हो, पोरगं थकेल. थकेल म्हणतेय.

ताई आज नाही आली. उद्या येईल. उद्यापर्यंत फक्त श्वास घ्यायचा. एवढंसं काम. लहान मुलं करतात, पत्र्यावरचं ते कानतुटकं मांजर करतं.

नाकात काहीतरी — शिंक — देवा, शिंक नको —

दुपार

शिंकलो. उशी हातात नव्हती. जमिनीवर पडलो. पुढचं आठवत नाही, एवढंच आठवतं की मी हाक मारली. ताईला मारायची होती. मावशीला मारली. मीच म्हटलं, बांधा. घट्ट बांधा, मावशी, म्हटलं.

सगळा सोड, म्हणाली.

दुखत नाही. काही दुखत नाही. हात उचलत नाही, पेन्सिल तेवढी सरकते.

गोल उभ्या माणसाच्या तोंडाशी आहे. आता विरत नाही.

सकाळ, बहुतेक

पडदा बाजूला. दार उघडं. पलंग रिकामा, चादर नीट घातलेली.

खाली ताई आलीय. तिची चप्पल ओळखतो मी. मावशी तिला बसा म्हणतेय. आणि दुसरा आवाज, पुरुषाचा, भरदार, दमदार — तुमचा भाऊ ना, तो परवाच निघून गेला हो, पायाला भिंगरी त्याच्या — आणि हसतोय, छाती भरून हसतोय, माझ्या —

ताई म्हणतेय, असाच आहे मेला.

खुर्ची सरकली. ती निघाली.

एक हाक. एका हाकेपुरता. घेतो. अर्धा आला — अजून थोडा, दुखत का नाही, दुख की रे — ताई दाराशी पोचली — आता तळापर्य