सोळा माईक, सोळा पूर्ण नावं

३ फेब्रु., सोम. नांदेड
लातूरहून फोन. नेहमी आधी ताई बोलते, आज थेट दाजी. काल एका उद्घाटनात मी लिहिलेल्या साउंड मिक्सरच्या सॉफ्टवेअरनं घात केला. "अध्यक्ष बोलायलेत अन् स्पीकर खरखर करायलाय. लोक माझ्याकडं बघायलेत, अध्यक्षाकडं न्हाई." इतकी वर्षं साउंडचा धंदा, असं कधी झालं नव्हतं. रविवारी मुरुडला भजन स्पर्धा. तिथं पुन्हा झालं तर तुझं सॉफ्टवेअर बंद, जुना मिक्सर बाहेर, म्हणाले. रागावले असते तर बरं, शांतपणे म्हणाले.
दोन वर्षं घातली यात. दाजींशिवाय कुणी वापरतही नाही.

४, मंगळ.
इथं सगळं ठणठणीत. सोळा माईक, एक खरखर नाही. त्यांच्या लॅपटॉपवर खापर फोडायचा मोह होतोय. आधी त्यांची त्या दिवशीच्या माईकच्या मांडणीची फाइल मागवली.

५, बुध.
कळलं. मी तपासताना माईकला नावं देते m1, m2. दाजी लिहितात, 'मा. श्री. अमुकराव तमुकराव पाटील साहेब, माजी सरपंच'. सोळाही तसेच. विचारलं तर म्हणे, "लॅपटॉपचा पडदा स्टेजवरून दिसतो. एकदा नुसतं पाटील लिहिलं, तर जेवायला थांबले न्हाईत."
माझे प्रोग्राम दोन. एक पडद्यावरच्या, माईक कमी-जास्त करायच्या पट्ट्यांचा, एक प्रत्यक्ष आवाजाचा. एक पट्टी जरा हलली की पहिला दुसऱ्याला सोळाही माईकची सगळी माहिती पाठवतो, नावासकट. त्यात देवनागरीच्या एकेका अक्षराची सहा-सहा इंग्रजी अक्षरं होतात. आवाजवाला हे पुराण वाचत बसतो, तोवर स्पीकर उपाशी. चूक माझी. दाजी फक्त मान देत होते.

६, गुरु.
नावं आता सुरुवातीला एकदाच. पुढं फक्त हललेल्या माईकचा नंबर आणि त्याचा आकडा. मजकूर नाहीच, सगळे मिळून पाच बाइट. दाजींची फाइल लावून पट्ट्या वेड्यासारख्या वरखाली केल्या. आवाज स्वच्छ. दुपारी पाठवून दिलं. मग भूक लागली, सोमवारनंतर पहिल्यांदा. गार भाकरी-ठेचा, पण काय लागला.

९, रवि. मुरुड
राहवेना, आले. दाजींच्या शेजारी हात मांडीखाली दाबून बसले. मंडळांमागून मंडळं. टाळ वर, पेटी खाली, त्यांची बोटं थांबत नव्हती. एकदाही खरखर नाही. शेवटी स्टेजकडंच बघत म्हणाले, "जमलं की गं."
स्टँडवर जरा रडून घेतलं. हलकं वाटलं.

११, मंगळ. नांदेड
ताईचा फोन. दाजींनी जुना मिक्सर विकला. "तुझं हाय म्हणले, मग ते कशाला जागा अडवायला." मला विचारलंसुद्धा नाही. इतका आनंद झाला की ताईला तेच पुन्हा सांगायला लावलं.
भाजी चिरताना आठवलं. कार्यक्रम चालू असताना एखाद्या माईकचं नाव बदललं तर काय होतं, हे मी तपासलेलंच नाही. शुक्रवारी त्यांच्याकडे सत्कार समारंभ आहे. आणि आपल्याकडे पाहुणे ऐन वेळी बदलतात.