दोराची तुटकी रेघ

४ मार्च
दादानं जेवताना जाहीर केलं — अण्णांचं जपानी चित्र संग्रहालयाला द्यायचं. खाली अण्णांच्या नावाची पाटी! स्वतःची पाटी लागावी असं दादानं काही केलेलं नाही, म्हणून वडिलांच्या पाटीची घाई. संग्रहालय म्हणजे मी नोकरी करते तेच. चित्र तपासणार कोण? मीच.
अण्णांनी ताटातून मान वर केली नाही. "आहे तिथं बरंय ते."

५ मार्च
चित्रात एक होडी, होडीत छत्रीवाली बाई, काठाला बांधलेला दोर. लाकडी ठशांनी छापलेलं, दीडशे वर्षांपूर्वीचं — हा निकाल सव्वीस वर्षांपूर्वी मीच दिला. नोकरी लागून तीन आठवडे झाले होते. भिंग घेऊन खुर्चीवर चढले नि काचेवरूनच उरकलं! पुरावा काय, तर दोराची रेघ एका जागी तुटलीय. छापून छापून ठसा झिजतो, बारीक रेघा तुटतात. म्हणजे ठसा जुना, म्हणजे चित्र अस्सल. आज कुणी माझ्यासमोर असा पुरावा ठेवला तर मी त्याला चहासुद्धा विचारणार नाही.
तेव्हापासून घरात पाऊल टाकेल त्याला अण्णा भिंतीपाशी नेतात. विमावाला, नळ दुरुस्त करणारा, वहिनीचे मामा. वाक्य ठरलेलं : "हे आमच्या मुलीनं पारखलंय!"

८ मार्च
चित्र अजून भिंतीवरच.

११ मार्च
आज उतरवलं. वहिनी म्हणाली, "वन्सं, तुम्ही तर असं धरलंय जसं काही तान्हं बाळच!" तान्हं बाळ एवढं घाबरवत नाही.
चौकट उघडली. मागच्या फळीला खिळ्यांची भोकं दुहेरी. चौकटवाल्याचा धसमुसळेपणा, दुसरं काय.
कागद जाड, गुळगुळीत. जुन्या चित्रांचा असा नसतो. पाठीवर हातानं घासून छापल्याच्या खुणा आहेत, पण त्या चांगल्या नकलेवरही असतात. मग दोर पाहिला. झिजलेली रेघ तुटण्याआधी बारीक होत जाते, टोकं विरतात. इथं दोन्ही टोकं सुरीनं कापल्यासारखी! नक्कल करणाऱ्यासमोर झिजलेल्या ठशाचं चित्र असणार. त्यानं इमानेइतबारे झीजसुद्धा कोरून काढली. आणि मी त्या कोरलेल्या म्हातारपणाला वाकून नमस्कार केला.

१२ मार्च
दादाला सांगितलं. "अगं, अस्सल लिही नि मोकळी हो. तुझ्याच हातात आहे ना? कोण बघतंय!"
"मी बघितलंय."
"मग अण्णांना तूच सांग. त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाला सांग, की तू उभ्या जन्माचा अभिमान खुर्चीवर चढून दिला होतास."
दादा क्वचितच बरोबर बोलतो. बोलला की लागतं.

१३ मार्च
अहवालात दोन शब्द : नंतरची नक्कल. खाली सही. पाटी गेली. दादा माझ्याशी बोलत नाही, तेवढीच शांतता.
अण्णांना उद्या.

१४ मार्च
उद्या.

१५ मार्च
सकाळी सांगून टाकलं. सगळं — खुर्ची, काच, दोर. अण्णांनी पेपरची घडी घातली.
"माहितीय."
"काय माहितीय?"
"तू सांगितलंस त्याच महिन्यात मी एका जाणकाराला दाखवून आणलं होतं. त्यानंही असंच उघडलं."
दुहेरी भोकं! खिळ्यांनी सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही.
"मग सव्वीस वर्षं सगळ्यांना—"
"मी काय सांगायचो ते आठव," म्हणाले. "चित्र अस्सल आहे असं कधी म्हणालो?"

१६ मार्च
चित्र परत भिंतीवर. दुपारी मीटर बघायला माणूस आला. अण्णा त्याला हाताला धरून चित्रापाशी घेऊन गेले.
"हे आमच्या मुलीनं पारखलंय," म्हणाले. "दोनदा!"