शिकलेला गुडघा

पोलादपूर,
४ मार्च १९६१

प्रिय मैना,

शाळेत सिस्टर आपल्याला चॅपेलच्या फरशीवर गुडघे टेकून उभं करायच्या, तेव्हा तू तुझा रुमाल हळूच माझ्या गुडघ्याखाली सरकवायचीस आणि स्वतः उघड्या दगडावर राहायचीस. परवा तुझं पत्र वाचताना तो रुमाल आठवला, आणि पत्र पुढे वाचवेना.

दिवाळीत तू गुडघ्यात टोचायच्या हायड्रोकॉर्टिझोनच्या दोन बाटल्या पाठवल्यास. एक मला, एक रखमाला. तीस वर्षं तिने माझ्या घरी पाणी भरलं, तिचा गुडघा माझ्याहून वाईट. एकाच औषधाचा दोघींना कसा गुण येतो ते कळव, असं तू लिहिलं होतंस. महाडच्या डॉक्टरांनी दोघींना एकाच दिवशी सुई दिली. आठवड्यात मी देवापुढे मांडी घालून बसू लागले.

रखमा मात्र दवाखान्यातूनच ताठ चालत बाहेर आली. दोन दिवस आराम करायचा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण वर डोंगरात कुडपणला तिच्या भाचीच्या बाळाचं बारसं होतं आणि पाळणा मावशीनेच न्यायचा असतो. दुखत नाही म्हणजे बरा झाला, असं तिने धरलं. त्याच दुपारी पाळणा डोक्यावर घेऊन निघाली. मी अडवलं नाही. अर्ध्या चढावर गुडघा एकदम पेटला आणि ती पाळण्यासकट कोसळली. डोलीतून खाली आणली. आता काठीशिवाय उठत नाही. माझ्याकडे बघून हसते आणि म्हणते, "औषाद येकच हाय ना वैनी? मग तुमचा गुडगा शिकलेला, माझा आडानी."

हे सगळं मी तुला मागेच कळवलं, आणि तू ते तुझ्या वहीत उतरवून घेतलंस. आता लिहितेस की ओझी वाहणाऱ्या बायकांना हे औषध मानवत नसावं, तुझ्या दवाखान्यात येणाऱ्या तसल्या बायकांना देणं तू थांबवलं आहेस.

मैना, ती ओळ खोड. रखमाला ते औषध मिळालंच नाही. दोन्ही बाटल्या माझ्याच आहेत, असं मी डॉक्टरांना सांगितलं आणि तिला त्यांच्याकडची नुसती बधिर करणारी सुई द्यायला लावली. ती चढाला लागली तेव्हा हा बधिरपणा दोन तासांचा आहे हे मला माहीत होतं. तिची बाटली संक्रांतीनंतर माझ्या गुडघ्यात गेली. गुण चांगला आला. तेही लिहून ठेव.

तू अजून म्हणू दिलंस तर तुझीच,
आनंदी