ओळीत अठरा शब्द

३ मार्च, सोमवार

अठरा! ठरलं एकदाचं. फोनवर ओळीत सहा शब्द, टॅबवर अकरा, मोठ्या स्क्रीनवर अठरा. इस्पितळाच्या मॅनेजरबाईंना हवं होतं तसंच — मधुमेहाच्या औषधांचं अख्खं पान न सरकवता एका नजरेत.

मौनीने नाक मुरडलं. सहा वर्षं शेजारच्या खुर्चीत बसून मी आखलेली पानं हा कोडमध्ये उतरवतो. दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलतो, म्हणून मौनी. त्यातली तीन आज माझ्या वाट्याला! "ओळ फार लांब आहे. पुढच्या ओळीवर येताना डोळा चुकतो. गोळी एका ओळीतली नि डोस दुसऱ्या ओळीतला वाचला कुणी तर?"

म्हटलं, माझे बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, उभा जन्म छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेला. तिन्ही स्क्रीनवर घडाघडा वाचलं त्यांनी, एकदाही ओळ चुकले नाहीत. 

५ मार्च

पुन्हा बाबांकडे. तेच पान, मोठा स्क्रीन, मी घड्याळ लावून समोर. कुठे म्हणून अडखळले नाहीत! स्वारी खूश. "अजून नोकरीवर घेतील मला," म्हणाले. आई आतून ओरडली, "पुरे करा ते! मलासुद्धा पाठ झालंय आता."

६ मार्च

मौनीची दाढ दुखतेय. तीन दिवस रजा. बिचारा.

१० मार्च, सोमवार

पान सुरू झालं. बाबांना फोन केला. ते माझ्याहून जास्त हरखले.

११ मार्च

आज सहज मोठ्या स्क्रीनवर पान उघडलं, तर ओळीत अकरा शब्द! दोन्ही बाजूंना पांढरी ओसाड जागा, आणि डोस खाली कुठेतरी, सरकवत बसा. मौनीने बदललं. मला एका शब्दाने न सांगता! दुपारी माझ्याच डब्यातलं खाल्लं होतं त्याने.

"विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस," म्हणे. अरे, म्हणून केसाने गळा कापायचा?

१२ मार्च

साहेबांसमोर बैठक. दाढबिढ काही नव्हती! तीन दिवस हा इस्पितळात, रांगेत बसलेल्या लोकांना माझं पान वाचायला देत होता. बावीस जण. माझ्या अठरा शब्दांत नऊ जणांनी तीच ओळ दोनदा वाचली, चौघांनी एक ओळ गाळली. अकरा शब्दांत फक्त एक चुकला.

"याला म्हणतात काम," साहेब म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही.

आणि मी वेडी, रोज त्याला फोन करून दाढेची चौकशी करत होते. सहा वर्षांत त्याच्या किती चुका मी पोटात घातल्या! त्याने माझी एक चारचौघांत मांडली. फार लागलंय मला हे.

१३ मार्च

बोलले नाही. खुर्ची भिंतीकडे वळवली. मौनीच तो, त्याला काय फरक पडणार.

१४ मार्च

तोच आला. टेबलापाशी उभा राहून म्हणाला, "बाबांना एकदा दुसरं पान देऊन बघ. दर वेळी तेच देतेस तू."

आता मात्र हद्द झाली! माझ्यावर ठीक आहे, माझ्या बाबांवर संशय? देणार, दुसरंच देणार. उद्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं पान, मोठा स्क्रीन, ओळीत अठरा शब्द. रेकॉर्ड करून सोमवारी त्याच्या तोंडावर फेकते.

१५ मार्च, शनिवार

रक्तदाबाचं पान समोर ठेवलं. पान नवीन आहे हे मुद्दाम सांगितलं नाही. बाबांनी चष्मा पुसला, सरसावून बसले आणि घडाघडा वाचलं — मधुमेहाचं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत.

"चुकली का एक तरी ओळ?" म्हणाले.

नाही म्हटलं.