टकळीला जहाजावरून उतरवा

४ फेब्रुवारी, सकाळ
बबडीचं पुस्तक आलं. बबडी म्हणजे माझी नात, लेकाची लेक. पोरं दोन अंगठ्यांनी खेळतात तो एक व्हिडिओ गेम आहे. आकाशात जहाज, जहाजात पलटण, बाहेर आठ पायांचे शत्रू. त्यावरून प्रकाशकाने हिच्याकडून अख्खी कादंबरी लिहून घेतली. खेळात नुसतं ठो ठो. माणसं हिने घातली. पहिल्याच पानावर छापलंय, माझ्या दोन्ही आज्यांना, दोघीही या जहाजावर आहेत.
माझं शिक्षण चौथी, तेही मास्तर दयाळू म्हणून. तरी मी कुठे आहे ते मला लगेच सापडलं. कप्तान. बाई आहे, केस पांढरे, पाठ ताठ, नुसतं पाहिलं की पलटण गार. सुनेला म्हटलं, बघ, हुबेहूब. सून म्हणाली, आई, गॅसवर दूध आहे, आणि गेली. कौतुक सगळ्यांनाच पचत नाही.
विहीणबाई कुठे आहेत ते अजून कळलं नाही. बहुधा इंजिन. अवजड आणि गप्प.
संकल्प: रोज दहा पानं.

५ फेब्रुवारी
वाचन नाही. अक्षर बारीक.

६ फेब्रुवारी
वाचायला बसले होते. पुस्तक छातीवर ठेवून विचार करत पडले. सून म्हणते घोरत होते.

८ फेब्रुवारी
नवीन संकल्प. फक्त कप्तानाची पानं वाचायची, बाकी भरताड. कप्तान बोलते फार कमी, अख्ख्या लढाईत दोन शब्द. पण मी बोलते ते सगळं लिहायचं तर पोरीला जागा कुठून पुरणार.

१० फेब्रुवारी, दुपार
बबडी दोन दिवस चेहरा पाडून बसलीय. विचारलं तर फोन पुढे केला. वाचकांची मतं. ज्याला वाटेल तो लिहितो, खाली पाच तारे असतात, हवे तेवढे पेटवायचे.
एक जण लिहितो, खेळात या बंदुकीत सहा गोळ्या असतात, पुस्तकात सातवी उडते, लेखिकेने खेळ खेळलाय का. एक तारा. दुसरा म्हणतो, लढाई कमी, गोष्ट जास्त. तिसरा म्हणतो, गोष्टच नाही, नुसती लढाई. या दोघांना समोरासमोर बसवून जेवायला घालावं. एकाने पार्सल फाटकं आलं म्हणून एक तारा दिलाय. एकाने पुस्तक वाचलंच नाही, पण मुखपृष्ठावरचे बूट चुकीच्या पलटणीचे आहेत म्हणून त्याला झोप लागत नाही. लोखंडी मूठ, काळा तोफखाना, अशी एकेकाची नावं. आवाजावरून असे वाटतात की आईने पाणी आणायला सांगितलं तरी हुं म्हणून तिथेच बसतील.
कप्तान मात्र सगळ्यांना आवडली. मी दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

११ फेब्रुवारी
सगळ्यांचा राग कोणावर आहे ते कळलं. टकळी. जहाजाच्या दारात एक बोलणारं यंत्र आहे. खेळात तिथे नुसता टुक आवाज होतो, बबडीने त्याला तोंड दिलं. सैनिक तिला टकळी म्हणतात, कारण तिची चालू झाली की थांबत नाही. तिच्या सगळ्या प्रश्नांना उत्तर दिल्याशिवाय दार उघडत नाही. लोखंडी मूठ लिहितो, शत्रू दहा पावलांवर, आणि हे यंत्र विचारतंय स्वेटर घातलं का, या यंत्राने पुस्तकाची माती केली.
किती खरं लिहिलंय. मलाही अशी माणसं अजिबात सहन होत नाहीत. उचलली जीभ लावली टाळ्याला.
आज बबडी प्रकाशकाकडे निघाली होती. मी मध्ये बोलायचं नाही असं ठरवलंच होतं. फक्त विचारलं, जेवलीस का, किल्ली घेतलीस का, स्वेटर कुठाय, परत कधी, आणि दुकानाच्या बाजूने जाऊ नकोस, तिथे खणलंय. एवढ्यात तिची बस गेली. मुली वेळेवर निघत नाहीत हल्ली.

१२ फेब्रुवारी
बबडी रडवेली होऊन आली. दुसरा भाग निघायचाय. प्रकाशक म्हणतो, महिनाअखेरपर्यंत वाचकांची मतं घेऊ, टकळी हवी की नको. नको आलं तर ती काढायची, नाहीतर दुसरा भाग नाही. बबडी म्हणते, टकळी गेली तर माझ्या जहाजात घर उरणार नाही. सुनेने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. का ते कळलं नाही.
पोरीला कळत नाहीये. एका यंत्रापायी पुस्तक घालवायचं? दुसरा भाग निघालाच पाहिजे, कप्तान त्यात आहे. हे काम आता मी हातात घेतलं. तिला काही सांगायचं नाही. गुपचूप.

१३ फेब्रुवारी
फोनमध्ये आपण बोललं की तो लिहितो. नाव घेतलं कप्तान आजी. मत दिलं: टकळीला जहाजावरून उतरवा. थोडक्यात सांगायचं ठरवलं होतं. पण टकळीसारख्या बाया कशा असतात हे समजायला आमची जुनी घरमालकीण माहीत हवी, तिच्यावरून तिच्या भावाचं लग्न आलं, त्यावरून माझा गुडघा. फोनची बॅटरी संपली म्हणून थांबले.

१५ फेब्रुवारी
माझ्या मताला सर्वात जास्त उत्तरं आली. काळा तोफखाना विचारतो, हे मत टकळीनेच लिहिलंय का. खाली चाळीसेक जणांनी हसणारी तोंडं लावली. मत्सर. त्याला नीट, सविस्तर समजावून सांगितलं. सात भागांत.

१९ फेब्रुवारी
दाताच्या डॉक्टरकडे गेले. दात काही दुखत नाही, पण तिथे माणसं बसलेली असतात आणि तोंड बधिर असल्यामुळे मध्ये बोलत नाहीत. प्रत्येकाचा फोन घेऊन मत देऊन टाकलं, टकळी नको. एका बाईंनी मान हलवली, ती हो म्हणून धरली. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, आजी, तुमची अपॉइंटमेंट कधीची आहे. म्हटलं, बाळ, मी सामाजिक कामाला आलेय.

२२ फेब्रुवारी
शेजारचे फौजीभाऊ अडून बसलेत. आयुष्यभर खऱ्या पलटणीत नोकरी, आता बाल्कनीत झाडं. त्यांनी पुस्तक पूर्ण वाचलंय, मला उगीच वाचून दाखवतात. म्हणाले, वहिनी, टकळी राहू द्या. चौकीवर एकट्या पोराला जेवलास का विचारणारं कोणी असलं तर पोरगं पहाटेपर्यंत टिकतं. म्हटलं, भाऊ, तुम्हाला साहित्यातलं कळत नाही. मग त्यांना समजावलं. दुपारचा चहा झाला, संध्याकाळचा झाला. शेवटी म्हणाले, कुठे दाबायचं ते सांगा आणि घरी जा. दिलं मत. पटलं त्यांना.

१ मार्च
जिंकलो. टकळी जाणार. फरक थोड्याच मतांचा, म्हणजे माझ्यामुळेच. जेवताना सगळं सांगून टाकलं, डॉक्टर, फौजीभाऊ, सगळं. वाटलं पोरगी गळ्यात पडेल. बबडी घास खाली ठेवून म्हणाली, आजी, तू? आणि खोलीत गेली. दार आतून लावलं. मी दाराबाहेरून विचारत होते, जेवण अर्धं टाकलंस, ताट झाकून ठेवू का, पंखा लावलास का.
आनंद काहींचा असाच आतल्या आत असतो.

९ मार्च
पुस्तकाच्या दुकानात बबडीची मुलाखत. मी पहिल्या रांगेत, नवी साडी. शेजारी विहीणबाई, नेहमीप्रमाणे गप्प, हात मांडीवर. मुख्याध्यापिका होत्या म्हणे. पोरांना काय खुणा करून शिकवत असतील ते त्याच जाणोत.
एका वाचकाने विचारलं, कप्तान कोणावरून घेतली. मी उभी राहिले. बबडी म्हणाली, आईच्या आईवरून, त्या बघा बसल्यात. टाळ्या झाल्या. माझ्या गुडघ्याला उठल्यावर लगेच बसणं जमत नाही, म्हणून टाळ्या संपेपर्यंत मी विहीणबाईंच्या डोक्याशी उभीच. त्यांनी नुसतं वर पाहिलं. मी गार.
मग कोणीतरी विचारलं, आणि टकळी? बबडी माझ्याकडे बघत होती. म्हणाली, ती काल्पनिक आहे. सुनेला खोकला आला.
टॅक्सीत कोणी बोललं नाही. मीसुद्धा. ड्रायव्हरने दोनदा वळून पाहिलं, सगळं ठीक आहे ना म्हणून.

१० मार्च
मुलाखतीत पोरी गडबडतात. दोन आज्या, नाव चुकतं.

११ मार्च
आज टकळीचं पान काढून वाचलं. एक कोवळा शिपाई पहिल्यांदा बाहेर निघालाय. टकळी म्हणते, जेवलास का, किल्ली घेतलीस का, स्वेटर कुठाय, परत कधी, आणि त्या बाजूने जाऊ नकोस, तिथे खणलंय.
आकाशात कोण खणतंय.
पुस्तक मिटलं. चष्म्याचा नंबर बदललाय, दाखवायला हवा.

१४ मार्च
संकल्प: कमी बोलायचं. सुनेला सकाळीच सांगितलं. का, कशासाठी, कसं जमवणार, तेही सांगितलं. तिची भाजी करपली.

१७ मार्च, संध्याकाळ
बबडीच्या खोलीत गेले. म्हटलं, टकळीला परत घे. डॉक्टरकडच्या सगळ्यांना मी पुन्हा गाठते. बबडी म्हणाली, आजी, छापायला गेलं. विचारलं, मग मारलीस कशी तिला. म्हणाली, मारली नाही, जीव झाला नाही. पहिल्याच पानावर कप्तान तिला दारातून उचकटून बाहेर आकाशात सोडून देते. टकळी तिथेही बोलतच राहते. हवा नाही ना, म्हणून आवाज कोणापर्यंत पोचत नाही, एवढंच.
म्हणजे जिवंत आहे. चांगलं केलं पोरीने. मी तिला तसं म्हटलं, आणि कप्तानाच्या हातून नको होतं करायला, हेही म्हटलं. तिने माझा हात बराच वेळ धरून ठेवला आणि मग म्हणाली, आजी, मला काम आहे.
सुनेला सांगायला बाहेर आले. ती खिडकीशी लॅपटॉप घेऊन बसली होती. सगळं सांगितलं, जहाज, दार, हवा नाही ते. ती मान हलवत होती, मध्येच हसलीसुद्धा, योग्य ठिकाणी. निघताना दिसलं, तिच्या कानात इअरफोन होते.